वागळे इस्टेटच्या गाळ्यात प्रमाणित लाकूड : लहान फर्निचर कारखान्यांसाठी पहिल्या वर्षाची वाटचाल

ऐरोली, महापे किंवा घोडबंदर रस्त्यावरच्या नव्या कार्यालयांचे लाकूडकाम घेणाऱ्या लहान कारखानदाराच्या हाती हल्ली जी मागणीची यादी येते, तिच्यात 'सर्व लाकूड एफएससी प्रमाणित असावे' अशी एक ओळ पुष्कळदा असते. एफएससी म्हणजे फॉरेस्ट स्टुअर्डशिप कौन्सिल, जबाबदारीने सांभाळलेल्या जंगलातील लाकडाच्या प्रमाणपत्राचे नियम ठरवणारी संस्था. कारखानदार वखारीत फोन करतो, माल प्रमाणित असल्याचे उत्तर मिळते, फळ्या येतात, टेबले आणि कपाटे तयार होऊन जागेवर बसतात, आणि शेवटच्या बिलाच्या वेळी वास्तुरचनाकार पुरावा मागतो तेव्हा सगळे अडते. जंगल प्रमाणित असते, आयातदार प्रमाणित असतो, क्वचित वखारही प्रमाणित असते. पण ज्या गाळ्यात त्या फळ्या कापल्या, रंधल्या आणि जोडल्या, तो गाळा प्रमाणित नसतो. त्यामुळे जंगलापासून जपत आणलेला प्रमाणितपणाचा दावा नेमका तिथेच संपतो, आणि कारखान्यातून बाहेर पडणारे टेबल कागदोपत्री साध्या लाकडाचेच ठरते.

ठाणे आणि नवी मुंबईतील काही लहान कारखान्यांची ही कागदपत्रे लावून देताना जे शिकायला मिळाले, ते नव्याने सुरुवात करणाऱ्यांसाठी येथे क्रमाने मांडले आहे. लाकूड प्रामाणिक मार्गाने आले आहे हे सिद्ध करता येणे ही आपल्या धंद्याच्या इभ्रतीची बाब आहे असे मी मानतो, आणि म्हणूनच हे काम केवळ एका निविदेपुरते उरकू नये असे मला मनापासून वाटते.

पहिली पायरी : प्रमाणपत्र आपल्याला हवे आहे का, आणि कोणते

प्रमाणपत्रे दोन प्रकारची असतात. एक जंगलाच्या किंवा लागवडीच्या व्यवस्थापनाचे, जे जमीन सांभाळणाऱ्याला मिळते. आणि दुसरे 'चेन ऑफ कस्टडी'चे, म्हणजे ताब्याच्या साखळीचे, जे त्या लाकडाची मालकी घेऊन त्याच्यावर प्रक्रिया करणाऱ्या प्रत्येकाला स्वतंत्रपणे घ्यावे लागते. आपला संबंध दुसऱ्याशी. आपण लाकूड विकत घेऊन त्याच्या वस्तू बनवत असू आणि त्या वस्तू प्रमाणित म्हणून विकायच्या असतील, तर ते लागते. उलट, आधीच लेबल लावलेली तयार वस्तू जशीच्या तशी घरगुती ग्राहकाला विकणाऱ्या दुकानदाराला ते लागत नाही. उल्हासनगरच्या फर्निचर बाजारातील ज्या व्यापाऱ्यांचे काम केवळ तयार माल विकण्याचे आहे, त्यांनी हा खर्च करण्याआधी एवढे तपासून घ्यावे. एखाद्याच मोठ्या इमारतीपुरते काम असेल, तर एफएससीमध्ये त्या प्रकल्पापुरते प्रमाणपत्र घेण्याचीही सोय आहे, आणि तशा वेळी प्रकल्पाच्या मालकाशी आधी बोलून पाहावे.

प्रमाणपत्र देणाऱ्या व्यवस्थाही एकाहून अधिक आहेत. एफएससी ही १९९३ साली स्थापन झालेली संस्था असून तिचे आंतरराष्ट्रीय मुख्यालय जर्मनीतील बॉन येथे आहे. पीईएफसी (प्रोग्राम फॉर द एंडॉर्समेंट ऑफ फॉरेस्ट सर्टिफिकेशन) ही १९९९ साली सुरू झालेली दुसरी व्यवस्था. भारतात तिच्याशी जोडलेली संस्था एनसीसीएफ (नेटवर्क फॉर सर्टिफिकेशन अँड कॉन्झर्व्हेशन ऑफ फॉरेस्ट्स) ही २०१५ मध्ये उभी राहिली. याशिवाय केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने डिसेंबर २०२३ मध्ये भारतीय वन आणि काष्ठ प्रमाणन योजना जाहीर केली. ही योजना ऐच्छिक असून तिच्यात वनव्यवस्थापन, वनाबाहेरील झाडे आणि ताब्याची साखळी या तिन्हींचा समावेश आहे. तिचे काम भोपाळच्या भारतीय वन व्यवस्थापन संस्थेकडे आहे. बांधावर आणि शेतात वाढलेल्या झाडांचा विचार करणारी ही चौकट आपल्याकडच्या शेतकऱ्यांसाठी महत्त्वाची ठरू शकते, असे माझे मत आहे. हस्तकला आणि लाकडी वस्तूंच्या निर्यातदारांसाठी हस्तकला निर्यात प्रोत्साहन परिषदेची 'वृक्ष' ही कायदेशीरपणाची पडताळणी आहे.

यांपैकी एकाचे लाकूड दुसऱ्याच्या खात्यात धरता येत नाही. पीईएफसीच्या दाव्यासह आलेली फळी एफएससीच्या ऑर्डरमध्ये वापरली, तर ती तिथे प्रमाणित समजली जात नाही. म्हणून ग्राहक नेमके कोणते नाव लिहितो आहे, ते लेखी घ्यावे. ठाणे-नवी मुंबईच्या कार्यालयीन कामात सध्या बहुधा एफएससीचेच नाव येत असल्याने पुढचे सर्व विवेचन त्याला धरून केले आहे.

दुसरी पायरी : कायद्याचा पाया आधी भरावा

प्रमाणपत्र ऐच्छिक आहे. कायदा ऐच्छिक नाही. भारतीय वन अधिनियम १९२७ च्या कलम ४१ नुसार राज्यांनी लाकूडवाहतुकीचे नियम केले आहेत, आणि महाराष्ट्रात महाराष्ट्र वन नियम २०१४ लागू आहेत. देशी लाकूड घेताना त्या जातीला वाहतूक परवाना लागतो का, हे जवळच्या वनपरिक्षेत्र कार्यालयात विचारावे आणि लागत असेल तर त्याची प्रत बिलाला जोडूनच ठेवावी. राष्ट्रीय पातळीवरील ऑनलाइन वाहतूक परवाना व्यवस्था डिसेंबर २०२३ अखेर देशभर सुरू झाली असल्याने ही प्रत मिळवणे आता तुलनेने सोपे आहे. शहापूर, जव्हार, डहाणूच्या बाजूचे सागवान, ऐन किंवा हेदू घेणाऱ्यांनी शासकीय आगारातील लिलावाची पावती आणि लाकडावरील हॅमर मार्क, म्हणजे वनविभागाचा हातोड्याचा ठसा, यांचा मेळ स्वतः डोळ्यांनी पाहावा.

करवतीकडेही लक्ष द्यावे. सर्वोच्च न्यायालयाने जंगलतोडीसंबंधीच्या गोदावर्मन प्रकरणात १२ डिसेंबर १९९६ रोजी दिलेल्या आदेशानंतर देशभरातील आरागिरण्यांवर कडक नियंत्रण आले, आणि पुढे २०१६ मध्ये केंद्राने लाकूडाधारित उद्योगांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. आपल्या गाळ्यात बँडसॉ किंवा मोठी वर्तुळाकार करवत असेल, तर परवान्याची गरज आहे का, हे वनविभागाकडून लेखी विचारून घ्यावे. प्रमाणपत्रासाठी तपासणीला येणारा लेखापरीक्षक आपल्याला हे विचारो अथवा न विचारो, बेकायदा यंत्रावर कापलेल्या प्रमाणित लाकडाला काही अर्थ उरत नाही.

निर्यात करणाऱ्यांनी शिसवीच्या बाबतीत विशेष जपावे. शिसव आणि शिसू ज्या डालबर्जिया वंशात मोडतात, त्या संपूर्ण वंशावर जानेवारी २०१७ पासून साइट्स कराराचे, म्हणजे धोक्यातील वन्य जातींच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या कराराचे, नियंत्रण आहे. न्हावा-शेव्यातून पाठवायच्या मालात ही जात असेल, तर कागदपत्रे ऑर्डर घेतानाच ठरवावीत, कंटेनर भरताना नव्हे.

तिसरी पायरी : खरेदी, जिथे बहुतेक चुका होतात

माझ्या अनुभवात सर्वाधिक नुकसान याच टप्प्यावर होते, म्हणून इथे थोडे थांबतो.

विक्रेत्याच्या भेटपत्रिकेवर किंवा पाटीवर एफएससीचे झाडाचे चिन्ह असणे याला पुरावा म्हणत नाहीत. त्याच्याकडून त्याचा प्रमाणपत्र क्रमांक मागून घ्यावा आणि एफएससीच्या सार्वजनिक शोधस्थळावर तो टाकून तीन गोष्टी पाहाव्यात. प्रमाणपत्र आज चालू आहे का, की निलंबित अथवा समाप्त झाले आहे; आपण घेत असलेला माल त्याच्या उत्पादनगटात आहे का; आणि त्या गटात आपली लाकडाची जात नोंदलेली आहे का. एखाद्याचे प्रमाणपत्र केवळ प्लायवूडसाठी असते आणि तो आपल्याला सागाचे चिरीव लाकूड त्याच क्रमांकावर देऊ करतो, असे घडते. या पडताळणीचे पान तारखेसह छापून फाइलला लावावे.

त्यानंतर बिल. बिलावर विक्रेत्याचा प्रमाणपत्र क्रमांक असलाच पाहिजे, आणि प्रमाणित मालाच्या ओळीसमोर दावा स्पष्ट लिहिलेला असला पाहिजे: 'एफएससी १००%', 'एफएससी मिक्स क्रेडिट', 'एफएससी मिक्स ७०%' किंवा जो असेल तो. 'मिक्स' म्हणजे प्रमाणित लाकडाबरोबर इतर मान्य स्रोतांचे लाकूडही असलेला माल. 'एफएससी कंट्रोल्ड वूड' असे लिहिले असेल, तर ते लाकूड अस्वीकारार्ह मार्गांनी आलेले नाही एवढाच त्याचा अर्थ आहे, आणि त्या मालाच्या वस्तूवर लेबल लावता येत नाही. मी पहिल्यांदा हे काम करत असताना एका वखारीतून आलेल्या बिलाच्या माथ्यावर चिन्ह आणि क्रमांक दोन्ही होते, पण मालाच्या ओळीसमोर दावा नव्हता. माल गाळ्यात उतरवून झाला होता, आणि विक्रेत्याने दुरुस्त बिल देण्यास नकार दिला. तो सगळा माल आम्हाला साधा म्हणून नोंदवावा लागला आणि ऑर्डरसाठी पुन्हा खरेदी करावी लागली. तेव्हापासून गाडी उतरवण्याआधी बिल वाचायचे, हा नियम मी प्रत्येक कारखान्यात पाळायला लावतो.

जातीच्या नावांचा गोंधळ हा आपल्या बाजाराचा जुना दोष आहे. 'मलेशियन साल' या नावाने विकले जाणारे लाकूड आपल्या साल वृक्षाचे नसते, आणि त्या एका नावाखाली निरनिराळ्या जाती येतात. 'सागवान' म्हटले तरी ते बल्लारशाचे, घानाचे की इक्वेडोरचे, हे नावावरून कळत नाही. म्यानमारने एप्रिल २०१४ पासून ओंडक्यांची निर्यात बंद केली, तरीही 'बर्मा साग' हा शब्द बाजारात सर्रास वापरला जातो, आणि तो ऐकला की कागद मागणे अधिकच आवश्यक ठरते. खरेदीच्या नोंदीत व्यापारी नावाबरोबर वनस्पतिशास्त्रीय नाव आणि देश लिहावा; सागासाठी टेक्टोना ग्रँडिस, शिवणासाठी मेलिना आर्बोरिया. युरोपात माल पाठवणाऱ्याला ही सवय दुहेरी उपयोगी पडते, कारण युरोपीय संघाचा २०२३ चा जंगलतोडविरोधी नियम झाड ज्या जमिनीच्या तुकड्यावर वाढले त्याचे भौगोलिक स्थान मागतो. त्याची अंमलबजावणी लांबणीवर पडत आली असली, तरी तिकडचे ग्राहक ही माहिती आधीपासूनच विचारतात.

प्लायवूडवरील आयएसआय चिन्हाविषयीही इथेच सांगणे बरे. ते चिन्ह गुणवत्तेचे आहे. लाकूड कोठून आले, याबद्दल ते काहीही सांगत नाही.

आपल्या ठाण्यात आणखी एक स्रोत आहे, ज्याकडे पुरेसे लक्ष दिले जात नाही. नौपाड्यापासून जुन्या मुंबईपर्यंत पुनर्विकासात पाडल्या जाणाऱ्या इमारतींतून सागाचे वासे, चौकटी आणि दारे निघतात, आणि ते लाकूड पुष्कळदा आजच्या कोणत्याही लागवडीच्या लाकडापेक्षा सरस असते. एफएससीमध्ये अशा वापरून झालेल्या लाकडाला 'रिसायकल्ड' दाव्याखाली आणता येते. त्यासाठी विक्रेता प्रमाणित असण्याची सक्ती नाही, पण ते लाकूड खरोखरच पाडकामातून आले आहे, हे आपण स्वतः तपासून सिद्ध करावे लागते: इमारतीचा पत्ता, पाडकामाच्या ठेकेदाराचे कागद, उतरवतानाची छायाचित्रे, जुन्या खिळ्यांच्या आणि रंगाच्या खुणा. या पुनर्वापराच्या लाकडासाठी एफएससीचे वेगळे मानक आहे आणि अर्ज करताना तेही व्याप्तीत मागून घ्यावे लागते. कष्ट जास्त आहेत, पण माझ्या मते लहान कारखान्यासाठी याहून सुंदर काम नाही.

चौथी पायरी : गाळा, मोजमाप आणि बाहेरची कामे

एमआयडीसीतील सहाशे-सातशे चौरस फुटांच्या गाळ्यात प्रमाणित आणि साध्या मालासाठी स्वतंत्र गोदाम करणे शक्य नसते, आणि मानकाची तशी अटही नाही. वेगळी मांडणी, वेगळा दिवस किंवा स्पष्ट खूण, यांपैकी जे जमेल त्याने दोन्ही माल मिसळण्याचा धोका टाळायचा असतो. फळीच्या दोन्ही टोकांना हिरवा रंग लावणे ही सर्वात टिकाऊ युक्ती ठरली आहे, पण फळी कापली की रंग एकाच तुकड्यावर राहतो. म्हणून कापलेल्या तुकड्यांसाठी हिरव्या पट्टीच्या पेट्या आणि जॉब क्रमांकाची चिठ्ठी लागते. उरलेल्या तुकड्यांचे काय, हेही आधी ठरवावे. संध्याकाळी गाळा झाडताना सगळे तुकडे एकाच ढिगात गेले, तर त्यांचा दावा गेला असे समजून ते साध्या मालात धरावेत.

कोणत्या दावापद्धतीने काम करायचे, म्हणजे बाहेर जाणाऱ्या मालाचा दावा कसा ठरवायचा, हेही अर्जाआधी ठरवावे लागते. टक्केवारी आणि क्रेडिट या पद्धती मोठ्या उत्पादकांच्या सोयीच्या आहेत. लहान कारखान्याने 'ट्रान्सफर' पद्धत घ्यावी, कारण तिच्यात जसा दावा आत आला तसाच बाहेर जातो. दोन वेगळ्या दाव्यांचा माल एका वस्तूत वापरला, तर त्यांतील खालच्या दर्जाचा दावा त्या वस्तूला लागू होतो.

मोजमापाच्या बाबतीत सावध राहावे. गोल लाकूड हॉपस मापाने विकण्याची पद्धत अजून रूढ आहे. त्यात घेराच्या चौथ्या भागाचा वर्ग करून लांबीने गुणतात. चार फूट घेर आणि दहा फूट लांबीचा ओंडका या मापाने दहा घनफूट भरतो. त्याचे खरे आकारमान मात्र सुमारे १२.७३ घनफूट असते. बिल हॉपसमध्ये, चिरीव माल साध्या घनफुटात आणि आयातदाराचे कागद घनमीटरमध्ये असतील, तर वर्षाअखेरीस हिशेब जुळत नाही, आणि चिरलेला माल ओंडक्यापेक्षा जास्त निघाल्याचे चित्र कधीकधी दिसते. लेखापरीक्षकाच्या मनात यासारखी दुसरी शंका उत्पन्न होत नाही. म्हणून एकच एकक ठरवावे, एक घनमीटर म्हणजे ३५.३१५ घनफूट हे रूपांतर नोंदवहीच्या पहिल्या पानावर लिहावे, आणि प्रत्येक नोंद त्या एककात आणूनच करावी.

रूपांतराचा दर, म्हणजे आत आलेल्या लाकडातून वस्तूत किती गेले, हा प्रत्यक्ष मोजून काढावा. उदाहरणार्थ, १२० घनफूट पाइन घेतले आणि तयार भागांत ७८ घनफूट गेले, तर दर ६५ टक्के. गाठी, रसकाष्ठ (खोडाचा बाहेरचा कच्चा थर), रंधकाम आणि करवतीची जाडी यांमुळे हा दर जातीगणिक आणि कामागणिक बदलतो. दारांचा दर खुर्च्यांना लावू नये. सुरुवातीला दोन-तीन ऑर्डरींत भुशासह सगळे मोजून घेण्याचे कष्ट घेतले, की पुढे हा आकडा आपल्यालाच भाव काढताना उपयोगी पडतो. खरेदी, वापर, विक्री आणि शिल्लक यांचा गोषवारा दरवर्षी तयार करावा लागतो, आणि सर्व नोंदी किमान ५ वर्षे जपाव्या लागतात.

आपल्या भागातले कारखाने क्वचितच सगळे काम एका छताखाली करतात. सीएनसी (संगणकावर चालणाऱ्या यंत्राचे) कटिंग शेजारच्या गल्लीत, व्हेनिअरची प्रेस रबाळ्याला आणि पॉलिश भिवंडीला, असा प्रवास नेहमीचा आहे. माल अशा प्रमाणित नसलेल्या जागी जात असेल, तर त्या प्रत्येकाशी लेखी करार हवा: आमचा माल तुमच्या मालात मिसळणार नाही, तुम्ही तो पुढे कोणाला देणार नाही, चिन्ह वापरणार नाही, आणि तपासणीसाठी जागा दाखवाल. जाता-येता चलनावर जॉब क्रमांक आणि मोजमाप लिहावे. अनेक वर्षांच्या ओळखीच्या माणसाकडून अशी सही मागताना संकोच वाटतो, हे मी जाणतो; पण करार नसेल तर तिथे साखळी तुटते, आणि त्याला तसे समजावून सांगितले की बहुतेक जण सही करतात.

पाचवी पायरी : माणसे, अर्ज आणि तपासणी

एक जबाबदार व्यक्ती नेमावी आणि तिचे नाव लेखी असावे. बहुतेक लहान कारखान्यांत ती मालकाची पत्नी, भाऊ किंवा हिशेब पाहणारी मुलगी असते, आणि ते योग्यच आहे. फक्त तिला खरेदी थांबवण्याचा अधिकार खरोखर द्यावा. कार्यपद्धतीची पुस्तिका आठ-दहा पानांची, मराठीत किंवा कारागिरांना कळेल त्या भाषेत असावी. कारागिरांना दिलेल्या प्रशिक्षणाची तारीख आणि सह्या ठेवाव्यात. बालमजुरी, सक्तीची मजुरी आणि भेदभाव नसणे, तसेच संघटना करण्याचे स्वातंत्र्य असणे, या कामगारविषयक मूलभूत अटीही आता साखळीच्या प्रमाणपत्राचा भाग आहेत. गावाकडून आलेल्या कारागिरांच्या वयाचे पुरावे, हजेरी आणि पगाराच्या नोंदी नीट नसतील, तर त्या अर्जाआधी लावाव्यात.

प्रमाणपत्र एफएससी स्वतः देत नाही. त्यासाठी अधिस्वीकृत प्रमाणन संस्था असतात. किमान तिघांकडून दरपत्रक मागवावे आणि त्यात तपासणीचे दिवस, प्रवास, दरवर्षीच्या भेटीचा खर्च आणि उलाढालीनुसार आकारले जाणारे एफएससीचे वार्षिक शुल्क वेगवेगळे लिहून मागावे. पहिल्या वर्षाचा आकडा कमी दाखवून पुढच्या भेटी महाग ठेवलेल्या असू शकतात, म्हणून ५ वर्षांची बेरीज करूनच तुलना करावी.

एकट्याने हा खर्च पेलत नसेल, तर गट-प्रमाणपत्राचा विचार जरूर करावा. एफएससीच्या मानकानुसार १५ पर्यंत कर्मचारी असलेल्या, किंवा २५ पर्यंत कर्मचारी आणि १० लाख अमेरिकी डॉलरपर्यंत वार्षिक उलाढाल असलेल्या उद्योगांना गटात सामील होता येते; देशानुसार निकष वेगळे असू शकतात, म्हणून प्रमाणन संस्थेकडून खात्री करावी. गटाचे एक मध्यवर्ती कार्यालय सर्वांची अंतर्गत तपासणी करते आणि बाहेरचा लेखापरीक्षक त्यांतील काहींनाच भेट देतो. एकाच औद्योगिक वसाहतीतील दहा-बारा गाळ्यांनी मिळून हे केले, तर खर्च वाटला जातो आणि दर्जाही एकमेकांच्या नजरेखाली राहतो. सदस्य मात्र विचारपूर्वक निवडावेत, कारण एकाच्या निष्काळजीपणाची झळ संपूर्ण गटाला बसू शकते.

तपासणीच्या दिवशी लेखापरीक्षक बहुधा एक विक्री निवडतो आणि तिथून उलट्या दिशेने जातो: या बिलातील टेबलाचे लाकूड कोणत्या फळ्यांचे, त्या कोणत्या बिलाने आल्या, त्या दिवशी विक्रेत्याचे प्रमाणपत्र चालू होते का. हीच उजळणी आपण आठवडाभर आधी करून पाहावी, आणि ती मालकाने न करता करवतीवरच्या कारागिराकडून करवावी, कारण प्रश्न त्यालाही विचारले जातात. त्रुटी निघाल्या तर घाबरू नये. मोठी त्रुटी प्रमाणपत्र मिळण्याआधी दूर करावी लागते. किरकोळ त्रुटीसाठी साधारण एक वर्ष मिळते.

प्रमाणपत्र हाती आल्यावर

विक्रीच्या बिलावर आपला प्रमाणपत्र क्रमांक आणि मालाच्या ओळीसमोर दावा लिहावा. साध्या मालाच्या ओळीसमोर तो चुकूनही येऊ नये, म्हणून बिलाच्या तयार नमुन्यात तो कायम छापून ठेवू नये. चिन्ह वापरण्यापूर्वी प्रत्येक मांडणी, म्हणजे लेबल, पाटी, संकेतस्थळ, अगदी टेम्पोवरचे रंगकामसुद्धा, प्रमाणन संस्थेला दाखवून मंजुरी घ्यावी. चिन्हासोबत आपला परवाना क्रमांक असावा लागतो.

प्रमाणपत्र ५ वर्षांसाठी असते आणि दरवर्षी पाहणी होते. मधल्या काळात गाळा बदलला, वागळेहून तळोज्याला स्थलांतर झाले, भागीदारी बदलली, नवी जात किंवा नवे बाहेरचे काम सुरू झाले, तर ते घडण्याआधी प्रमाणन संस्थेला कळवावे. जुन्या पत्त्याच्या प्रमाणपत्रावर नव्या पत्त्यावरून काढलेले बिल ग्राहकाच्या तपासणीत टिकत नाही, आणि तो माल परत घेण्याची वेळ येऊ शकते.